मास्तरीण अजून उभी आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरबाई येऊन गेल्या. मास्तरणीचे मागचे दोन्ही पाय वाकवून पाहिले, सरळ केले, पुन्हा वाकवले. घोडीने कान मागे टाकले पण लाथ मारली नाही. सत्तावीस वर्षांची झाली — लाथ मारायलासुद्धा पाय दुखत असणार.

"सांधे गेलेत. पुडी देते, रोज दाण्यात घाला. पण पुडीने वय उतरत नाही."

किती दिवस, विचारलं. म्हणाल्या, दिवस मोजू नका, दिवस कसा गेला ते मोजा. पाच प्रश्न लिहून दिले. सकाळी उभी आहे का. दाणा खाल्ला का. कुंपणापर्यंत चालली का. डोळे शांत आहेत का. हाक मारली की येते का. होय असेल तिथे बरोबरची खूण करायची. वाईट दिवस वाढायला लागले की समजायचं.

"पण पहिला प्रश्न सगळ्यांत मोठा. ज्या दिवशी ती आडवी सापडेल आणि स्वतःहून उठणार नाही, त्या दिवशी बाकीचे चार विचारू नका. मला फोन करा. एवढं मोठं जनावर पडून राहिलं की स्वतःच्याच वजनाखाली चेंगरतं."

खुणांचा कागद तबेल्याच्या दाराला लावलाय. बाकीचं इथे लिहीन, कारण घरात बोलायची सोय नाही. हे ऐकतात, मान हलवतात आणि दुरुस्तीला आलेलं कोणाचं तरी शिवणयंत्र उघडून बसतात. एकतीस वर्षं असंच.

ह्यांना तोंडावर सांगितलं — घोडी माझी आहे. कधी ते मी ठरवणार. कोणी मध्ये बोलायचं नाही.

"बरं," म्हणाले.

४ नोव्हेंबर

पाचपैकी पाच! पुडी लागू पडली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सहाला दार उघडलं. उभी होती. दाणा सगळा खाल्ला नाही, म्हणून चार खुणा.

ह्यांनी आजपासून पहाटे फिरायला जायचं ठरवलंय. रक्तातली साखर वाढलीय म्हणे. साडेचारला गेले सुद्धा. मला काही पत्ता नाही; मी झोपले की कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाही. बघू किती दिवस टिकतं. मागे सायकल आणली होती, तिच्यावर आता टॉवेल वाळतात.

९ नोव्हेंबर, रविवार

चार खुणा. चालताना मागचा डावा पाय ओढते. तरी सहाला उभी असते ना, मग झालं.

दार उघडायच्या आधी मी रोज जरा थांबते. आतून काही आवाज येतो का ऐकते. हात कडीवर असतो. मग दार उघडते, ती मान वळवते, आणि मी चक्क हसते. एकटीच, येड्यासारखी.

माझ्या शिकवणीत ह्या घोडीने दोनशे तरी मुलांना घोड्यावर बसायला शिकवलं असेल. नाव माझं, काम तिचं. कोणी लगामाला हिसका दिला की जागच्या जागी उभी राहायची. ओरडा, टाच मारा, रडा. हात सैल केल्याशिवाय पाऊल नाही टाकायची. म्हणून मास्तरीण. आईबाप मला विचारायचे, तुम्ही मुलांना काय केलंत, घरी शांत असतात! मी म्हणायचे, अनुभव आहे हो. घोडीचा होता.

हे मात्र कधी बसले नाहीत. बसणं सोडाच, घोड्याच्या मागून कधी गेले नाहीत. लांबून पूर्ण वळसा घालून जातात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगितलं होतं, मागून गेलं की लाथ बसते. ते एकदा डोक्यात बसलं ते बसलंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उजव्या मांडीवर कातडं सोललंय, बशीएवढं. डोळ्याच्या वरही खरचटलंय. हे म्हणाले, भिंतीला घासली असेल. मी मलम लावलं. तिने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि वजन दिलं. पूर्वी असं करायची नाही.

रात्री जेवताना हे एकदम म्हणाले, "डॉक्टरबाईंना एखादी तारीख विचारून ठेवू या का?"

माझा घास तोंडातच राहिला. "का? आज चार खुणा आहेत."

"आहेत ना. म्हणूनच. चांगल्या दिवशी गेलेली बरी."

"तुम्हाला घाई कसली झालीय?"

ताट उचललं आणि विसळायला गेले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहिणार.

बाजारातून आले तर कुंपणापलीकडे जेसीबी. शेजारच्या जागेत पाइप घालायला आला होता. ह्यांनी त्याला इकडे वळवला आणि लिंबाच्या झाडाशी खड्डा खणून घेतला. खोल. माझी उंची आणि वर आणखी हातभर. आणि मास्तरीण कुंपणाला मान टेकून ते बघत उभी!

"ती उभी आहे! अजून उभी आहे ती! आणि तुम्ही तिच्यासमोर—"

हे म्हणाले, "मशीन शेजारी आलंच होतं. ऐनवेळी मिळत नाही. मग दोन दोन दिवस ताडपत्रीखाली ठेवावं लागतं. ते बघवलं नसतं तुला."

खरं आहे ते, मला माहीत आहे. ओळखीतल्या एका घरी तसं झालं होतं. पण खरं असलं म्हणून काय झालं? मी ओरडले. जेसीबीवाल्यासमोर ओरडले. तुमचं काळीज दगडाचं आहे म्हटलं. एका जनावराला सव्वीस वर्षं घरात बघून तुम्हाला एवढंच सुचतं, खड्डा! बिचाऱ्या मशीनवाल्याने इंजिन चालू केलं, म्हणजे ऐकू येणार नाही.

हे ऐकून घेत राहिले. मग फळ्या आणून खड्ड्यावर टाकल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले. एक एक करून.

१९ नोव्हेंबर

बोलत नाही मी. तेही बोलत नाहीत, पण ते नेहमीचंच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज छान ऊन होतं. दुपारी तिला बाहेर सोडली. मधोमध जाऊन उभी राहिली, जमीन हुंगली, पुढचा पाय खरवडला, गुडघे जरासे वाकवले. लोळायचं होतं तिला! किती महिन्यांनी! मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

तोच हे घरातून धावत आले, हातात बादली, "हो! हो!" करत, बादली बडवत. घोडी दचकून सरळ झाली आणि बादलीकडे वळली. आत गाजरं होती. हे धापा टाकत होते.

"लोळू द्या ना तिला! एक सुख उरलंय, ते पण बघवत नाही तुम्हाला?"

"चिखल आहे तिथे," म्हणाले.

चिखल कुठे होता? ठणठणीत कोरडी जमीन. मी वाकून मूठभर माती उचलली आणि ह्यांच्या हातावर ठेवली. हे घोडीला गाजरं भरवत उभे राहिले, एकेक, आत नेईपर्यंत. पँटचे दोन्ही गुडघे मळलेले. रोज फिरायला जातात की रांगायला, देव जाणे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लेकीचा फोन. बापाने तिला काहीतरी सांगितलं असणार. म्हणाली, "आई, रागावू नकोस. तू तिच्यासाठी थांबलीयस की तुझ्यासाठी?"

मी फोन ठेवला. तासाभराने मीच केला. ती पण ह्याच घोडीवर शिकली. तिला विचारायचा हक्क आहे.

गेल्या आठवड्यात दोनदा तीन खुणा झाल्या. डोळ्यांची खूण मी चारदा हात सैल सोडून दिली, हेही इथे कबूल करते. ते डोळे शांत नव्हते. थकलेले होते.

संध्याकाळी डॉक्टरबाईंना फोन केला. गुरुवारी, सत्तावीस तारखेला, अकरा वाजता. ह्यांना सांगितलं. त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं आणि म्हणाले, "बरं केलंस."

मला वाटलं, सुटले हे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

खरारा केला. शेपूट धुतली. खुरं साफ केली, मागची दोन नीट उचलू देत नाही, म्हणून जमतील तेवढीच. उद्या ह्या वेळी ब्रश कुठे ठेवायचा हा विचार मनात आला आणि मग पुढे काही करता येईना. बादलीवर बसून राहिले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नाही झालं. मी होऊ दिलं नाही.

सहाला दार उघडलं — उभी. कान पुढे. मला बघून खालच्या आवाजात खिंकाळली, तशी दोन महिन्यांत खिंकाळली नव्हती. दाणा चाटूनपुसून खाल्ला. हाक मारली तर तीन पावलं पुढे आली. पाचपैकी पाच! आजच! असल्या दिवशी कोणी कोणाला मारतं का?

अकराला डॉक्टरबाई आल्या. बॅग उघडली, औषधाच्या बाटल्या काढल्या. मी म्हटलं, थांबा. आज नको.

त्या घोडीभोवती फिरल्या. मांडीवरची जखम बघितली. ती आता दोन्ही बाजूंना आहे. बोट फिरवलं. मग मला विचारलं, "ही स्वतः उठते ना?"

"रोज सहाला उभी असते," मी म्हटलं. "एक दिवस चुकला नाही. कागद बघा."

त्यांनी कागद बघितला. मग ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

"काका?"

नाडी काही बांधून होईना. मी म्हटलं, "त्यांना काय विचारताय, ते लांबूनच बघतात. रोजचं मी करते."

डॉक्टरबाईंनी बाटल्या परत ठेवल्या. जाताना गाडीच्या काचेतून म्हणाल्या, "एक आठवडा लवकर चालतो, बाई. एक दिवस उशीर चालत नाही."

गाडी वळल्यावर हे आयुष्यात पहिल्यांदा मला उलटून बोलले. "रद्द करायला नको होतंस." आवाज चढलेला नव्हता. "तिला फार होतंय ग."

"पाच खुणा आहेत आज!"

"तुझ्या खुणा," म्हणाले आणि दुकानात निघून गेले. जेवायला आले नाहीत.

मी त्यांच्यावर इतकी चिडलेय की झोप येणार नाही. ज्याने कधी तिच्या पाठीवर हात फिरवला नाही, त्याला तिचं होतंय-नव्हतंय कळतं!

१ डिसेंबर, सोमवार

तीन खुणा. उभी आहे, खाते आहे, येते आहे. कुंपणापर्यंत चालली नाही.

हे वाळत चाललेत. कंबर धरून उठतात. फिरण्याने माणूस ताजातवाना होतो म्हणे! मी म्हटलं, बंद करा ते फिरणं. तर इतक्या जोरात "नाही" म्हणाले की मी बघतच राहिले.

३ डिसेंबर, बुधवार

नणंदेचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, परवा सकाळी. तिला दुसरं कोण आहे? ह्यांनी जायला हवं. तर हे म्हणतात, बघतो. पुढे ढकलता येईल का विचारतो. मी हात जोडले. "बहिणीचं पोट काय तुमच्या सोयीने दुखणार आहे? जा तुम्ही. दोन रात्री तुम्ही नसलात तर आभाळ नाही कोसळत. घोडी माझी मी बघते, इतके दिवस बघतेच आहे."

काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "ठीक आहे. जातो."

४ डिसेंबर, गुरुवार

दुपारच्या बसने गेले. निघायच्या आधी तबेल्यात गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. बस चुकेल म्हणून मी हाका मारल्या. बाहेर आले ते नाक पुसत. म्हणाले, गवताची धूळ.

फाटकाशी थांबून म्हणाले, "डॉक्टरबाईंचा नंबर उशाशी ठेव. आणि उद्या सहाला नको, पाचला जा."

"का?"

"असंच. जा."

५ डिसेंबर, शुक्रवार

गजर पाचचा लावला होता. बंद करून पुन्हा झोपले. उठले तेव्हा पावणेसहा.

फाटकाशी दूधवाला उभा होता. गाडी रस्त्यात, दिवे चालू, गुडघ्यांना भुसा. एवढ्या लवकर तिथे काय करत होता ते विचारायचं भान नव्हतं, कारण आतून आवाज येत होता. लाकडावर खूर आपटल्याचा. एक. थांबून एक.

मास्तरीण आडवी होती. अंग घामाने भिजलेलं, भिंतीला खुरांच्या खुणा, डोळ्यात भुसा. मला बघून तिने मान उचलली, पुढचे पाय ताठ केले, मागचं अंग उचलायला गेली आणि धप्पकन पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी "थांब, थांब" म्हणत होते आणि ती माझ्यासाठीच उठायला बघत होती!

दूधवाला म्हणाला, "वहिनी, एकट्याने नाही होणार. मी बघितलं करून." त्याचेही डोळे भरले होते.

कागदाकडे बघितलंही नाही. फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, निघाले. पन्नास मिनिटं लागली. ती पन्नास मिनिटं मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, म्हणजे आपटणार नाही. दूधवाल्याने पाठीमागे गवताचे भारे लावले. दर दोन-तीन मिनिटांनी ती उठायची धडपड करायची आणि मी तिच्या मानेवर सगळं वजन टाकायचे — तिला उठू देऊ नये म्हणून! सव्वीस वर्षं तिला "चल" म्हणण्यात गेली.

डॉक्टरबाई आल्या. कुठलाही प्रश्न नाही, एक शब्द जास्तीचा नाही. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. मान जड झाली, श्वास लांबला, डोळे पहिल्यांदा सैल झाले. "बोलत राहा तिच्याशी," म्हणाल्या, "ऐकू येतंय." तोंडातून आलं ते शिकवणीतलंच. हळू. हात सैल. शाबास. शाबास. दुसऱ्या इंजेक्शननंतर मी चार वेळा शाबास म्हटलं असेल. पाचव्यांदा डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खड्डा तयार होता. दुपारच्या आत सगळं आटोपलं. ताडपत्री लागली नाही. ह्यांचं तेवढं खरं ठरलं.

फोनवर ह्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ पडून होती?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या, चार-पाच तास तरी."

"बरं," म्हणाले. हा "बरं" वेगळा होता.

७ डिसेंबर, रविवार

हे काल आले. नणंद ठीक आहे. आल्या आल्या तबेल्यात जाऊन भुसा काढला, भिंत धुतली. मी म्हटलं, मी करते. मला आत येऊ दिलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आज जरा शांत वाटलं. कागद दारावरून काढला आणि बसून नीट बघितला. ज्या दिवशी पडली त्याच दिवशी फोन केला. एक तास इकडेतिकडे नाही. लोक महिनोन्‌महिने ओढतात जनावराला, पट्ट्याने बांधून उभं करतात, स्वतःच्या मायेपायी. मी तसलं पाहिलंय आणि त्यांना तोंडावर सुनावलंय सुद्धा. माझ्या हातून ते झालं नाही. पाच तास वाईट गेले, पण पाचच.

ह्यांच्यावरचा रागही उतरला. ज्याला जनावराची माया नाही त्याला नाही. सगळ्यांना सगळं कुठून असणार?

१४ डिसेंबर, रविवार

दूधवाला पट्टा मागायला आला. "कुठला पट्टा?" म्हटलं. "मास्तरणीला उठवायचा. माझ्या गाडीचा आहे, वहिनी, दुधाचे कॅन बांधायचा." मला माहीत आहे असंच धरून चालला होता बिचारा. मग माझं तोंड बघून गाडीकडे वळला. मी सोडलं नाही.

सहा नोव्हेंबरपासून. रोज पहाटे पावणेपाचला. तो पुढून पट्ट्याला, हे मागून शेपटीला. कधी वीस मिनिटं लागायची, कधी तास. एकदाही स्वतः उठली नाही. मग हे तिला पुसायचे, भुसा झटकायचे आणि मी यायच्या आत निघून जायचे.

एकोणतीस पहाटा.

दूधवाला म्हणाला, "मी सांगत होतो दादांना, वहिनींना सांगा. तर म्हणाले, सहाला ती दार उघडते ना, तेव्हा एकदा तिचं तोंड बघ. मग तूच सांग तिला."

"मग?"

"एकदा बघितलं मी," म्हणाला. "मग मीही नाही सांगितलं."